जिन्याचे पॅरामेट्रिक आरेखन

जिन्याची मापे स्प्रेडशीटमध्ये काढून ती कॅडमधील (संगणकावरील आरेखनातील) पॅरामेट्रिक मॉडेलला, म्हणजे मापे बदलली की आपोआप बदलणाऱ्या मॉडेलला, जोडायची आणि त्यातून प्लॅन, सेक्शन व मालाची यादी आपोआप मिळवायची, अशी ही पद्धत. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर आणि फ्रीकॅड ही कॅडची सॉफ्टवेअर. सॉलिडवर्क्समधील ‘डिझाइन टेबल’ (मापांचा तक्ता) एक्सेलवरच चालते. इन्व्हेंटरला एक्सेलची फाइल जोडता येते, तर फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट आतच असते. लोखंडी जिने बनवणाऱ्यांना ही पद्धत विशेष उपयोगी, कारण त्यांच्या जिन्यांची घडण बहुधा तीच असते, उंची मात्र दर ठिकाणी वेगळी.

हिशेब सुरू होतो तो खालच्या लादीपासून वरच्या लादीपर्यंतच्या उंचीपासून. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार निवासी इमारतीत राइझर (पायरीची उभी बाजू) 190 मि.मी.हून उंच आणि ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) 250 मि.मी.हून अरुंद नसावा. उंची 3000 मि.मी. असेल, तर 190 ने भागून 15.79 येतात. पायरी अर्धी नसते, म्हणून ‘राउंडअप’ने, म्हणजे वरचा पूर्णांक देणाऱ्या सूत्राने, 16 राइझर धरायचे, प्रत्येकी 187.5. पुढची कसोटी चालण्याच्या सोयीची : दोन राइझर अधिक एक ट्रेड, येथे ट्रेड 250 धरून 625. फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लाँदेल याने 17व्या शतकात मांडलेला हा नियम आज साधारण 600 ते 650 च्या मर्यादेत पाळतात.

खरी परीक्षा उंची बदलल्यावर होते. 3100 लिहिले, की राइझर 17 होतात. डॉगलेग जिन्यातली (मध्ये लँडिंगवर उलट वळणाऱ्या दोन टप्प्यांच्या जिन्यातली) 8-8 ची वाटणी 9-8 होते, एका बाजूचे ट्रेड 7 चे 8 होतात आणि मधले लँडिंग 250 मि.मी. पुढे सरकते. ते जिन्याच्या जागेत मावते का, हे तपासणारे वेगळे सूत्र तक्त्यात हवेच. नवशिक्याचे मॉडेल बहुधा येथेच तुटते. त्याने मापे जोडलेली असतात, पायऱ्यांची संख्या नाही. पायरी एकदाच काढून तिचा पॅटर्न (ठरावीक अंतरावर तिच्याच प्रती) करावा आणि त्याची संख्या तक्त्यातून घ्यावी.

17 राइझरची उंची प्रत्येकी 182.35 येते. ती 182 धरून पायरीवर पायरी रचत गेल्यास अखेरीस सुमारे 6 मि.मी. उरतात. पाय दोन-तीन पायऱ्यांतच लय पकडतो, म्हणून अशा वेगळ्या पायरीवर माणूस अडखळतो. त्यासाठी ड्रॉइंगवर प्रत्येक पायरीची उंची तळापासून लिहावी : 182, 365, 547, याप्रमाणे.

उंची स्लॅब ते स्लॅब मोजली आणि दोन्ही मजल्यांवरची लादी व तिच्याखालचा थर वेगवेगळ्या जाडीचा निघाला, तर पहिली किंवा शेवटची पायरी बिघडते. तक्त्यात या दोन जाड्यांना स्वतंत्र रकाने ठेवावेत.