छोटा शिंजीर : गव्याच्या रानातला पाच ग्रॅमचा रहिवासी

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेच्या बागांत जास्वंदीवर लोंबकळणारा शिंजीर पक्षी सगळ्यांच्या ओळखीचा. जिल्ह्यातल्याच दाजीपूरच्या झाडीत दिसतो तो मात्र निराळा. आठ सेंटीमीटर लांबी, जेमतेम पाच ग्रॅम वजन. नराचं डोकं चकचकीत हिरवं, गळा जांभळा, पाठ आणि छाती गडद किरमिजी, पोट पिवळसर. मादी मातकट हिरवी, पण कमरेवर लाल डाग, तिची खूण तीच. हा छोटा शिंजीर जगात फक्त पश्चिम घाटात आहे.

त्याचं शास्त्रीय नाव पडलं १८३२ साली. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई फौजेतला लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. शेतं, पिकं, जनावरं, माणसं मोजता मोजता त्यानं पक्ष्यांचीही यादी केली आणि विलायतेला परतल्यावर ती लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. त्यात या पक्ष्याला ‘मिनिमा’, म्हणजे सर्वांत लहान, असं नाव दिलं. यादी दख्खनच्या नावाची, पण हा पक्षी घाटमाथ्याच्या ओल्या रानाचा. पठारावरच्या बोरी-बाभळींत तो सापडत नाही. पुढे अभ्यासकांनी त्याचा वंश, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, दोन-तीनदा बदलला, ‘मिनिमा’ तेवढं टिकलं.

आपल्याकडे ते रान उरलं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरणाचं काम १९०७च्या सुमारास सुरू केलं आणि तिथल्या गावाला आपल्या लेकीच्या, राधाबाईंच्या, नावावरून राधानगरी नाव दिलं. धरण पुरं व्हायला १९५७ उजाडलं. लगेच १९५८ मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला.

यातला एकही निर्णय या पक्ष्यासाठी नव्हता. शिकार, पाणी, गवा, सगळी कारणं दुसरीच. पण गव्यासाठी राखलेल्या रानात जांभूळ, पांगारा राहिला, झाडांवरची बांडगुळंही राहिली. बांडगुळाला माळी शिव्या देतो. शिंजीर त्याच्या नळीसारख्या फुलांत वाकडी चोच घालून मध पितो आणि जाताना पराग पुढच्या फुलावर नेतो. कोळिष्टकांनी सांधलेलं, पिशवीसारखं लोंबतं घरटं बांधायला त्याला दाट, ओलसर झाडीच लागते.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर राधानगरी-शाहूवाडी पट्ट्यातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, आणि सड्याच्या कडेनं उतरत जाणारी झाडी तिथे विरळ झाली. छोटा शिंजीर आज धोक्यातल्या पक्ष्यांत मोडत नाही. दाजीपूरला गवा बघायला जाल तेव्हा फुललेल्या बांडगुळाखाली दहा मिनिटं उभे राहा. बारीक, टोकदार ‘चिक-चिक’ आधी ऐकू येईल, पक्षी मग दिसेल.