खुलासा : मराठीतली विद्रोही कविता 1972 ला जन्मली नाही

‘जातीच्या जाचाविरुद्धची मराठी कविता नामदेव ढसाळांच्या 1972 मधल्या “गोलपिठा” या कवितासंग्रहापासून सुरू झाली’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही, आणि त्यात फार मोठी माणसं पुसली जातात.

चौदाव्या शतकातले चोखामेळा पाहा. त्यांच्यासाठी सत्ता म्हणजे देवळाचा उंबरठा. गाऱ्हाणं थेट विठ्ठलाकडे, सुरात व्याकुळता. पण त्यांच्या पत्नी सोयराबाई विनवणीवर थांबत नाहीत. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ असं म्हणून त्या विचारतात, विटाळ देहातच जन्मतो तर सोवळा झाला कोण? हा सरळ युक्तिवाद आहे, आणि मला तो आजही सगळ्यांत धारदार वाटतो. पुढे सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ आलं 1854 मध्ये. तिथे शूद्रांना शिकण्याची हाक आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘जग बदल घालुनी घाव’मध्ये तर देव उरतच नाही, समोर धनवंत आणि धर्मांध उभे आहेत.

मग ढसाळांनी नवं काय केलं? कामाठीपुऱ्याची, म्हणजे मुंबईतल्या वेश्यावस्तीची बोली, तिथल्या शिव्या, तिथली भूक आणि शरीरं त्यांनी न धुता-पुसता कवितेत आणली. मराठी कवितेच्या भाषेला तो हादरा होता.