रोमच्या ‘कांस्य’ नाण्यांचं पितळ

संग्रहालयात पाटीवर ‘रोमन कांस्य नाणी’ असं लिहिलेलं असतं, पण सुरुवातीच्या सम्राटांची त्यातली बरीच नाणी कांस्याची नसतात. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. ही नाणी असतात एकतर पितळेची, नाहीतर निव्वळ तांब्याची.

इ.स.पू. 23च्या सुमारास रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस यानं चिल्लरीची नवी घडी बसवली. चांदीच्या एका डिनेरियसचे (आपल्या संस्कृत ग्रंथांतला ‘दीनार’ त्याच्यावरूनच आला) 4 सेस्टर्शियस, 8 ड्युपाँडियस किंवा 16 अ‍ॅस. पहिली दोन पितळेची, अ‍ॅस तांब्याचं. ड्युपाँडियस साधारण साडेबारा ग्रॅमचं आणि अ‍ॅस अकराच्या आसपास, आकारानंही जवळपास सारखंच. तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट! बाजारात फरक कळायचा तो रंगावरून, एक पिवळं तर दुसरं तांबूस. आज जमिनीतून निघालेली दोन्ही हिरवीगार दिसतात. नीरोच्या काळापासून ड्युपाँडियसवर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट दिसू लागतो, त्यामुळे निदान ती तरी ओळखता येतात.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मग त्याला एवढा भाव का? तांबं 1085 अंशांना वितळतं, जस्त मात्र 907 अंशांनाच उकळून वाफ होतं. उघड्या भट्टीत जस्ताचं खनिज तापवलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणून रोमन कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा झाकणबंद मुशीत घालून तापवत. खनिजातून सुटलेली जस्ताची वाफ तांबं न वितळता त्यात मुरायची. थोडक्यात, जस्त धातू हातात न घेताच पितळ तयार! यासाठी कोणतं तांबं चांगलं, हेही ठरलेलं होतं. रोमन लेखक प्लिनी लिहितो, स्पेनमधलं ‘मारियन’ तांबं जस्ताचं खनिज उत्तम शोषतं, ते पितळी नाण्यांना वापरतात आणि अ‍ॅससाठी सायप्रसचं तांबं पुरतं.

पण मुरलेली वाफ कायमची नसते. जुनी नाणी वितळवून नवी पाडली की दर वेळी थोडं जस्त उडून जातं. ऑगस्टसच्या पितळेत ते 20 टक्क्यांच्या वर होतं, पुढच्या दोन शतकांत घटतच गेलं. तूट भरायला मोडीतलं कथील आणि शिसं मिसळत गेले. तिसऱ्या शतकातलं सेस्टर्शियस तपासलं तर पाटीवरचा ‘कांस्य’ शब्द एकदाचा खरा ठरतो.