अर्थसंकल्प, केंद्रीय (ग्रामीण विदर्भ)

केंद्र शासनाच्या येत्या आर्थिक वर्षातील अपेक्षित जमाखर्चाचे विवरण. संविधानाच्या अनुच्छेद 112 मध्ये त्यास ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ म्हटले आहे. ‘अर्थसंकल्प’ ही संज्ञा सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आली असे सामान्यतः सांगितले जाते. ‘अंदाजपत्रक’ हा जुना शब्द ग्रामपंचायतींच्या दप्तरात टिकून आहे. पारावर मात्र ‘बजेट’च.

पहिल्या अर्थसंकल्पाच्या तारखेबाबत एकवाक्यता नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी तो 7 एप्रिल 1860 रोजी मांडला असे बहुतेक लोकप्रिय लेखनात आढळते. कलकत्त्याच्या विधिपरिषदेतील त्यांचे भाषण 18 फेब्रुवारीचे असल्याने ती तारीख अधिक ग्राह्य वाटते. नागपूर राज्य तोवर खालसा झाले होते (1854, काहींच्या मते 1853). वऱ्हाड (पश्चिम विदर्भ) मात्र 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली येऊनही नावाने निजामाचेच राहिले. 1902 च्या करारान्वये सालीना 25 लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेण्यात आले आणि पुढील वर्षी मध्य प्रांतास जोडले गेले. विदर्भाचा एकत्रित जमाखर्च त्यानंतरचाच समजावा.

1 एप्रिलला सुरू होणारे आर्थिक वर्ष 1867 पासूनचे; पूर्वी ते 1 मेपासून धरत. पावसाचा अंदाज येण्याआधीच खर्च ठरतो, या आक्षेपावरून सरकारने नेमलेल्या एल. के. झा समितीने 1985 मध्ये जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष सुचवले. ते स्वीकारले गेले नाही. शेतकऱ्याचा हिशेब मृगाला सुरू होतो, तर सालदाराचे (वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याचे) साल गुढीपाडव्याला ठरते. तरीही गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज 31 मार्चच्या आत भरावे लागते, आणि भरणा करून लगेच नवी उचल घेण्यास ‘नवं-जुनं करणे’ म्हणतात. 2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीस येतो. तेव्हा शिवारात तुरीची मळणी आणि कापसाची फरदड (मुख्य वेचणीनंतर उभ्या पिकातून घेतलेले वाढीव उत्पादन) चालू असते.

29 फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पातील कर्जमाफी विदर्भात सर्वाधिक वादग्रस्त ठरली. 2 हेक्टरपर्यंतच्या खातेदारांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्यावरील खातेदारांनी 75 टक्के भरल्यास 25 टक्के सूट, अशी तिची रचना होती. बोलण्यात ही अट ‘पाच एकर’ अशी येते. काटेकोर हिशेबाने 2 हेक्टर म्हणजे 4.94 एकर. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू धारणा सात-आठ एकरांची असली तरी उत्पन्न पावसावरच, त्यामुळे ओलिताखालच्या दोन एकरांचा मालक माफीत आणि तिफनीने (बैलांच्या पाभरीने) आठ एकर पेरणारा बाहेर, असे घडले. हा आक्षेप सयुक्तिक दिसतो. मे 2008 मध्ये अवर्षणप्रवण व पंतप्रधान पॅकेजच्या (शेतकऱ्यांसाठीच्या केंद्रीय मदत योजनेच्या) जिल्ह्यांत मोठ्या खातेदारांना 25 टक्के किंवा 20,000 रुपये यांपैकी जास्त ती सूट मिळाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा हे जिल्हे 2006 च्या त्या पॅकेजमध्ये होतेच. 2019 च्या हंगामी अर्थसंकल्पात किसान सन्मान निधीस (शेतकरी कुटुंबाला वार्षिक 6,000 रुपये) पुन्हा 2 हेक्टरचीच मर्यादा होती. ती त्याच वर्षी उठली.

करांपैकी कापसाच्या आयातीवरील शुल्क येथे महत्त्वाचे. 2021-22 च्या अर्थसंकल्पाने 5 टक्के सीमाशुल्क व 5 टक्के कृषी अधिभार लावला. एप्रिल 2022 मध्ये अधिसूचनेने तात्पुरती सूट देण्यात आली. अर्थसंकल्पातील तरतूद अशी मधेच बदलते, हे जिनिंगवाल्यांना शेतकऱ्याआधी कळते.

पूर्व विदर्भातील धानपट्ट्याचा संबंध मुख्यतः हमीभावाशी; धानाचा बोनस ही राज्य शासनाची बाब आहे.