समई एकच, मग टॅक्स एकीलाच का?

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की आमच्या दुकानात हा फोन हमखास येतो. "मी इथे न्यू जर्सीत, एडिसनला राहते, मला समईवर टॅक्स लावलात. माझ्या नणंदेनं तीच समई कॅलिफोर्नियात मागवली, तिला एक सेंटही नाही. हे कसं?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत फोनवर धड सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी लपवताहेत. म्हणून यंदा प्रत्येक पार्सलमध्ये हा कागद घातला आहे.

आपला अर्धा गोंधळ भारतातल्या सवयीचा आहे. तिथे पुड्यावर एमआरपी छापलेली असते, 'सर्व करांसह'. छापलंय तेवढं द्यायचं आणि निघायचं. अमेरिकेत किंमत वेगळी, टॅक्स वेगळा, आणि तो टॅक्स देशाचा नसून राज्याचा, कधी वर काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) आणि शहराचाही. ४५ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत हा सेल्स टॅक्स, म्हणजे विक्रीवरचा कर, आहे. ओरेगन, माँटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का या पाच राज्यांचा स्वतःचा सेल्स टॅक्स नाही. अलास्कात मात्र काही गावं आपापला लावतात.

आता नणंदेची समई. टॅक्स ठरतो तो माल ज्या पत्त्यावर जातो तिथला. पण तो आम्ही गोळा करायचा की नाही, हे त्या राज्याशी आमचा संबंध किती, यावर ठरतं. आमचं दुकान न्यू जर्सीत, तेव्हा न्यू जर्सीच्या पत्त्यावर ६.६२५ टक्के घ्यावेच लागतात. ८० डॉलरच्या समईवर ५ डॉलर ३० सेंट. हे पैसे आमच्या गल्ल्यातून फक्त जाताना दिसतात, राहत नाहीत. कॅलिफोर्नियात आमचं दुकान नाही, गोदाम नाही, माणूस नाही. तिथला नियम असा की बाहेरच्या विक्रेत्याची त्या राज्यातली विक्री वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर गेली, तरच त्यानं टॅक्स गोळा करायचा. आमची मजल तिथवर गेली तर आम्ही तुम्हाला पेढे वाटू.

हा विक्रीचा आकडा आला २०१८ मध्ये. त्याआधी सगळा खेळ 'तुमचं त्या राज्यात प्रत्यक्ष काही आहे का?' एवढ्याचाच होता. १९६७ साली बेलास हेस या टपालानं माल विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की नुसता कॅटलॉग आणि पार्सल पाठवणाऱ्याकडून राज्य टॅक्स गोळा करवून घेऊ शकत नाही. १९९२ मध्ये क्विल या ऑफिसचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात तीच रेघ कायम राहिली. मग इंटरनेट आलं आणि राज्यांची तिजोरी गळायला लागली. साउथ डकोटा या राज्यात इन्कम टॅक्सच नाही, सगळी भिस्त सेल्स टॅक्सवर. त्यांनी कायदा केला: वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार झाले की टॅक्स गोळा करा, दुकान कुठेही असो. फर्निचर विकणाऱ्या वेफेअरशी खटला झाला आणि २१ जून २०१८ ला कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी राज्याच्या बाजूनं कौल दिला. मग बाकीच्या राज्यांनीही आपापले आकडे ठरवले.

त्यातली २०० व्यवहारांची अट आमच्यासारख्यांना फार जाचक. ३० डॉलरचे फराळाचे २०० डबे म्हणजे अवघे सहा हजार डॉलर, आणि तेवढ्यासाठी परक्या राज्यात नोंदणी करून विवरणपत्रं भरत बसायची! साउथ डकोटानं स्वतःच ती अट २०२३ मध्ये काढून टाकली, इतरही बऱ्याच राज्यांनी काढली.

तरी 'प्रत्यक्ष काही असणं' आजही मोजलं जातं, आणि ते आम्ही ठेच लागून शिकलो. गणपतीच्या आधी धावपळ नको म्हणून टेक्सासमधल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये मूर्तींचे खोके ठेवले होते. आमच्या अकाउंटंटनं कपाळावर हात मारला. राज्यात माल ठेवला म्हणजे तुम्ही तिथले विक्रेते झालात! तेव्हापासून टेक्सासच्या ऑर्डरींवर टॅक्स दिसतो, ह्यूस्टनला ८.२५ टक्के. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सचंही तेच. दर शनिवारी आमची स्वतःची गाडी तिथे घरपोच जाते, म्हणून न्यूयॉर्कचा टॅक्स.

टॅक्स सगळ्या वस्तूंवर सारखा नसतो, यावरून तर घरोघरी वाद होतात. न्यू जर्सीत कपड्यांवर टॅक्स नाही, मग पैठणी कितीही महाग असो. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या साडीवर नाही. साडी ११५ डॉलरची झाली की पूर्ण ११५ वर ८.८७५ टक्के, म्हणजे १० डॉलर २१ सेंट. आणि चिवडा-चकलीला न्यू जर्सीत टॅक्स नाही, पण चिक्कीला आहे! कारण गूळ आणि शेंगदाण्याच्या वड्या कायद्याच्या लेखी 'कँडी'. शंकरपाळीही गोडच, पण तिच्यात मैदा आहे आणि पीठ असलेला पदार्थ कँडीत धरत नाहीत. हे आम्ही ठरवलेलं नाही, कृपया दुकानातल्या मुलांशी भांडू नका.

पार्सल दुसऱ्याला भेट पाठवलंत तर ज्याच्या घरी जातं तिथला नियम. न्यू जर्सीत वस्तूवर टॅक्स असेल तर तिच्या पोस्टेजवरही लागतो. आमचाच माल तुम्ही ॲमेझॉनवरून घेतलात तर टॅक्स ॲमेझॉन घेतं, कारण सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांनी ती जबाबदारी आता बाजार चालवणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून तिथे आणि आमच्या वेबसाइटवर बिल वेगळं दिसू शकतं.

आता थोडं कडू. आम्ही टॅक्स घेतला नाही म्हणजे तो माफ झाला, असं नाही. नणंदेच्या राज्याच्या हिशेबी तो तिनं स्वतः भरायचा असतो. त्याला 'यूज टॅक्स' म्हणतात आणि कॅलिफोर्नियाच्या इन्कम टॅक्स फॉर्मवर, तसंच आपल्या न्यू जर्सीच्याही, त्यासाठी वेगळी ओळ आहे. बहुतेक जण ती ओळ कोरी सोडून पुढे जातात, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यात आम्ही पडत नाही, पण बिल जपून ठेवा.

बिलात चूक वाटली तर त्याचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. चिक्की आणि चिवडा एका डब्यात मागवला असेल तर दोन्हींचा भाव वेगळा लिहिलाय ना, ते आधी बघा. गेल्या दिवाळीत आमच्याकडून तीच चूक झाली होती आणि जास्तीचे पैसे आम्ही परत केले.