फ्रीव्हील की कॅसेट? न सुटणारी मागची चक्रे काढण्याआधी

सायकलीच्या मागच्या चाकाला उजव्या बाजूस जी दातेरी चक्रांची उतरंड असते, तिला ठाण्यातले गिअरच्या सायकली चालवणारे सरसकट ‘कॅसेट’ म्हणतात आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला सरसकट ‘फ्री’ म्हणतो. सायकल चालत आहे तोवर नावावाचून कोणाचे अडत नाही. मात्र दोन-तीन पावसाळे खाल्लेली, खाडीच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली सायकल उघडायला घेतली आणि ती चक्रे जागची हलेनात, की आपल्या हाती फ्रीव्हील आहे की कॅसेट यावरच पुढचे सारे अवलंबून असते, कारण दोन्ही अडकतात वेगवेगळ्या कारणांनी.

पायडल थांबवल्यावरही चाक फिरत राहावे म्हणून आत स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. फ्रीव्हीलमध्ये हे खटके चक्रांच्या गाभ्यातच असतात आणि तो अख्खा गाभा, बरणीला झाकण लावावे तसा, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी चढवलेला असतो. कॅसेटच्या चाकात खटके हबलाच जोडलेल्या खाचदार नळकांड्यात, म्हणजे फ्रीहबमध्ये, असतात. कॅसेट ही त्या नळकांड्यावर सरकवलेली चक्रांची नुसती चळत असते आणि बाहेरून एक लॉकरिंग, म्हणजे आट्यांचे कडे, तिला दाबून धरते. शिमानोने १९७८ मध्ये आपला फ्रीहब बाजारात आणला आणि पुढे हीच रचना चांगल्या सायकलींवर रुळली. स्वस्त सहा-सात गिअरच्या सायकलींवर मात्र फ्रीव्हील आजही येते.

गिअर मोजून ओळखण्याची रीत अर्धीच खरी आहे, कारण सात गिअरमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. सर्वांत लहान चक्राला ११ दाते असतील तर ती बहुधा कॅसेट आणि १४ असतील तर बहुधा फ्रीव्हील, असे म्हणता येते. खात्रीच करायची तर चाक काढून हातात धरावे, चक्रे उलटी फिरवावीत आणि मध्यभागी पाना बसण्यासाठी ज्या खाचा असतात त्यांच्याकडे पाहावे. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चक्रे फिरली पण खाचा स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील हट्टी होते त्याला गंजापेक्षा सायकलस्वार अधिक जबाबदार असतो. पायडल मारण्याची आणि ते आटे आवळले जाण्याची दिशा एकच असल्यामुळे प्रत्येक चढ त्याला थोडे थोडे घट्ट करत जातो. ७० किलो वजनाचा माणूस उपवनकडून येऊरचा चढ चढताना १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, पूर्ण वजनाने उभा राहिला, तर क्रँकवर सुमारे ११७ न्यूटन-मीटर पीळ पडतो; पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांचे चक्र असेल तर तोच पीळ हबपाशी १४० च्या घरात जातो. कॅसेटचे लॉकरिंग आवळण्याचे शिमानोचे माप ३० ते ५० न्यूटन-मीटर आहे आणि पायडलचा जोर त्या लॉकरिंगवर येतच नाही, तो फ्रीहबच्या खाचांवर जातो. हातभर लांबीच्या पान्याला लॉकरिंग दाद देते आणि फ्रीव्हील देत नाही, ते यामुळे.

माझ्या जुन्या सात गिअरच्या सायकलीवर फ्रीव्हील होते आणि मी ते कॅसेट समजून बसलो होतो. दर्शनी कड्यावर दोन बारीक खळगे दिसले, तेच लॉकरिंग असे मी ठरवले आणि पंच लावून हातोडीने ते डावीकडे ठोकत राहिलो. त्या कड्याचे आटे उलटे असतात, म्हणजे अर्धा तास मी ते अधिकच आवळत होतो. शेवटी चिडून उजवीकडे ठोकले, कडे सुटले आणि मोहरीपेक्षा जरा मोठे असे पोलादी छर्रे गॅलरीभर पसरले. चक्रे हातात आली, गाभा मात्र हबवर जसाच्या तसा.

ते चाक मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये नेले. मी पान्यावर लोंबकळतो आहे हे पाहून तिथला कारागीर म्हणाला, ‘‘दादा, पान्याशी कशाला झटताय? पाना व्हाइसमध्ये धरतो, तुम्ही चाक फिरवा.’’ फ्रीव्हीलचा दाते असलेला पाना टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, उभा आवळायचा, त्यावर चाक पालथे बसवायचे आणि बसच्या स्टिअरिंगसारखी रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवायची. दोन हातांमध्ये दोन फुटांचे अंतर मिळते, तेवढा लांब दांडा एरवी कुठून आणणार? पाना निसटू नये म्हणून तो ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटाने धरून ठेवावा, परंतु टक्क असा आवाज होऊन आटे सुटताच तो नट सैल करावा, नाहीतर बाहेर येणारे फ्रीव्हील त्याच्यावर दाबून ॲक्सलचे आटे खराब करते. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडले तर काम पुष्कळ हलके होते. चेन व्हिप, म्हणजे दांड्याला चेनचा तुकडा जोडलेले हत्यार, इथे काहीच कामाचे नाही.

कॅसेटला मात्र त्यावाचून चालत नाही, कारण लॉकरिंग डावीकडे फिरवू लागताच फ्रीहबही खटके वाजवत त्याच दिशेने मोकळा फिरतो. एका हाताने चेन व्हिप मोठ्या चक्रावर लावून चक्रे उजवीकडे अडवायची आणि दुसऱ्या हाताने लॉकरिंगचा पाना डावीकडे दाबायचा. लॉकरिंग बधत नसेल तर आधी त्याच्या खाचांतला चिखल टोकदार काडीने काढावा, कारण पाना बऱ्याचदा त्यामुळेच अर्धवट बसून निसटतो. लॉकरिंग निघूनही चक्रे सरकत नसतील तर दोष बहुधा गंजाचा नव्हे: फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर पोलादी चक्रे जोर पडून त्याच्या खाचांच्या कडांत रुतलेली असतात. एका चेन व्हिपने मोठे चक्र धरून दुसरीने रुतलेले चक्र किंचित डावीकडे फिरवले की ते खाचेतून सुटते, आणि राहिलेल्या उंचवट्यांवरून कानस हलकेच फिरवली की नवी कॅसेट अडत नाही.

परत बसवताना फ्रीव्हीलच्या आट्यांना सढळ हाताने ग्रीस लावून ते फक्त हाताने, आटे तिरके न चढवता, फिरवावे; आवळण्याचे काम येऊरचा चढ करेलच.