श्वास बदलला की आकडा बदलतो
हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी: आमचा एचआरव्ही पट्टा वापरण्यापूर्वी वाचा

सकाळी २२, दुपारी ४०. एचआरव्हीचे (दोन ठोक्यांमधल्या अंतरातल्या चढउताराचे) असे आकडे दिसले की ‘पट्टा बिघडलाय का?’ असा फोन आम्हाला येतो. बहुतेक वेळा पट्टा ठीक असतो, श्वासाचा वेग बदललेला असतो.

नाडी मिनिटाला ६० असली, तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. कधी ९५० मिलिसेकंदांनी पडतो, कधी १०४०. हा कमी-जास्तपणा म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, अर्थात एचआरव्ही. श्वास आत घेताना व्हेगस नसेचा (हृदयाचा वेग कमी करणाऱ्या मज्जातंतूचा) हृदयावरचा लगाम सैल होतो आणि ठोके भरभर पडतात. श्वास सोडताना तो पुन्हा आवळला जातो. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचं पंपिंग कमी पडतं, ते भरून काढायला शरीर सिम्पथेटिक यंत्रणा (हृदयाचा वेग वाढवणारी मज्जासंस्था) सतत जागी ठेवतं आणि व्हेगसचा जोर ओसरतो. त्यामुळे एचआरव्ही मुळातच कमी येते. घरातल्या धडधाकट माणसाचा आकडा शेजारी ठेवून घाबरू नका.

मिनिटाला ६ श्वास घेतले, की एका श्वासाला १० सेकंद लागतात. रक्तदाब सांभाळणाऱ्या बॅरोरिफ्लेक्सची लयही साधारण तेवढीच असते. दोन्ही जुळल्या की ठोक्यांतला चढउतार मोठा होतो. संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं, की संथ श्वासाने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्येही बॅरोरिफ्लेक्स अधिक तत्पर होतो. पण संथ श्वासाच्या त्या काही मिनिटांत वाढलेल्या आकड्यावरून पंपिंग सुधारलं असं समजू नका, आणि गोळ्यांना तर हातच लावू नका. गंमत म्हणजे काही ॲप नेमक्या याच वेळी ‘ताण वाढला’ असं सांगतात. संथ श्वासाची लाट ०.१ हर्ट्झवर, म्हणजे दर १० सेकंदांना एकदा येते आणि या वेगाच्या लाटा ही ॲप ताणाच्या खात्यात धरतात. तो इशारा सोडून द्या.

रात्रीचा आकडा मोठा दिसला तर मात्र जरा थांबा. हार्ट फेल्युअरमध्ये काहींचा श्वास झोपेत वाढत जातो, मग मंदावतो आणि काही सेकंद थांबतोही. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. ठोकेही त्याच लाटेवर वरखाली होतात आणि एचआरव्ही फुगलेली दिसू शकते. झोपेत श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलं, तर आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांना कळवा.

मोजताना रोज एकाच वेळी, बसून, आधी थोडी विश्रांती घेऊन पाच मिनिटं मोजा. श्वास नेहमीसारखा चालू द्या. मुद्दाम संथ घेतला असेल तर नोंदीत तसं लिहा आणि ती नोंद वेगळी ठेवा. श्वास रोखून धरू नका. धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.

एट्रियल फिब्रिलेशन (ठोके पूर्णपणे अनियमित पडण्याचा आजार) असेल, ठोके पेसमेकरवर चालत असतील किंवा मधले ठोके वारंवार चुकत असतील, तर हा आकडा श्वासाबद्दल काहीच सांगत नाही. अशांनी पट्टा विकत घेऊ नये, असं आम्ही विक्रेते असूनही सांगतो.